सही राहून गेली: डिचोलीच्या एका चित्रपटाचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली, ती एका अटीवर. कुणाचं नाव नको, चित्रपटाचंही नको. म्हणून इथे दिग्दर्शिका, निर्माता, सहलेखक आणि मामा एवढीच ओळख आहे. रकमा थोड्या हलवल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी फोंड्याला राहतो, लाइन प्रोड्युसरचं, म्हणजे चित्रीकरणाचा खर्च आणि व्यवस्था बघायचं काम करतो आणि या गोष्टीत मध्यावर शिरलो. त्याआधीचं सगळं ऐकीव आहे, पण ते तिन्ही बाजूंकडून ऐकलं आहे.

पार्श्वभूमी

गोव्यातल्या खाणी 2012 मध्ये एकदा थांबल्या. मधे काही वर्षं पुन्हा चालल्या. मग सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी परत बंद झाल्या. डिचोली-साखळी पट्ट्यात न राहणाऱ्यांसाठी ही पेपरातली बातमी होती. तिथल्या माणसासाठी तिचा अर्थ दारात उभा असलेला टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, आणि महिन्याच्या महिन्याला येणारा बँकेचा हप्ता. खाणीतलं खनिज मांडवीकाठच्या धक्क्यांवर न्यायचं आणि तिथून ते बार्जीने मुरगाव बंदरात जायचं, या साखळीतली पहिली कडी म्हणजे टिपर. खाण थांबली की सर्वांत आधी तोच थांबतो.

दिग्दर्शिकेच्या मामांचा असा एक टिपर होता. मामांची दुसरी ओळख म्हणजे पेडण्याकडच्या एका दशावतारी मंडळीत ते राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांच्या भूमिका करतात. टिपर बंद पडल्यावर बाकीचे टिपरवाले मोर्च्यांना जायला लागले आणि मामा रोज रात्री जत्रांना. घरात कोंकणी, रंगमंचावर मराठी. दिवसा हातात पाना, रात्री तलवार. दिग्दर्शिकेला चित्रपट इथेच दिसला. मलाही दिसला असता.

तिचं शिक्षण पुण्यात झालं, पुढे पाच वर्षं मुंबईत सहाय्यक दिग्दर्शिका म्हणून काम केलं. पहिला ड्राफ्ट तिने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मित्राने मिळून लिहिला. अंधेरीच्या भाड्याच्या खोलीत, सात महिने, कामावरून परतल्यावर. सहलेखक मूळचा विदर्भातला, गोवा त्याला समुद्रकिनाऱ्यापुरताच माहीत होता. पण रचना बांधण्यात त्याचा हात पक्का. मुलीच्या नजरेतून बाप दाखवायचा ही कल्पना त्याची आणि शेवटाआधीचा बँकेतला प्रसंगही त्याचाच. पैशांचं काही ठरलं नव्हतं. ठरवायला पैसे तरी कुठे होते?

याच काळात दोन कागद तयार झाले आणि पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. पहिला म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये केलेली पटकथेची नोंदणी. ती दिग्दर्शिकेने एकटीच्या नावावर केली. कारण साधं होतं: सभासद तीच होती आणि त्या रात्री लॅपटॉप तिच्यासमोर होता. दुसरा कागद एका पानाचा. सहलेखकाला एका वेबमालिकेचं काम मिळालं आणि तो बाहेर पडला, तेव्हा त्याने सही करून दिलं की “या पटकथेचे माझे सर्व हक्क मी अमुकला देत आहे.” खाली तारीख आणि सही. कॉफी पिताना लिहिलेलं, दोघांच्याही मनात काही वाकडं नसताना.

लॅब

तिसऱ्या ड्राफ्टवर राष्ट्रीय पातळीवरच्या एका पटकथा लॅबमध्ये तिची निवड झाली. ज्यांनी लॅब बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही शाळा नसते. मोजक्या पटकथा निवडतात, प्रत्येकीमागे एक-दोन अनुभवी मार्गदर्शक देतात, काही दिवस एकत्र बसवतात, मग काही महिने घरी लिहायला सोडतात आणि पुन्हा बोलावतात. सकाळी तुमच्या पटकथेची चिरफाड होते, दुपारी तुम्ही दुसऱ्याच्या पटकथेची करता. शिकणं जास्त दुपारी होतं, असं तिचं म्हणणं.

तिच्या मार्गदर्शकाने पहिल्याच बैठकीत विचारलं, “टिपर थांबल्यावर हा माणूस सकाळी उठून काय करतो?” पटकथेत याचं उत्तर नव्हतं. रात्रीची जत्रा होती, बँक होती, भांडणं होती, सकाळ कुठेच नव्हती. ती डिचोलीला आली आणि आठ दिवस मामांच्या घरी राहिली. मामा रोज सकाळी टिपर पुसत होते. न चालणारा टिपर. मग इंजिन सुरू करून दहा मिनिटं तसंच चालू ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. चित्रपट आज जिथे सुरू होतो तो प्रसंग हाच.

त्या आठ दिवसांत तिने आणखी एक गोष्ट केली. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं आणि नट उभा राहिल्यावर जे बोलतो ते त्याचं त्या रात्रीचं. तिने मामांची सहा रात्रींची भाषणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली, त्यातली निवडक लिहून काढली आणि पटकथेत घातली. वाचणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडली तीच पानं. ती कुणाची, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. मामांनाही नाही.

लॅबचा दुसरा टप्पा बाकी होता. पाचवा ड्राफ्ट अर्धवट होता, मुलीची बाजू कमी करायची की नाही यावर दिग्दर्शिका रोज मत बदलत होती. आणि तेव्हाच निर्मात्याने को-प्रोडक्शन मार्केटचा, म्हणजे सहनिर्माते शोधायच्या बाजाराचा अर्ज भरला. निर्माता तिचा कॉलेजमधला मित्र, फोंड्यात जाहिरातपट आणि लग्नाच्या फिल्मा करणारा, उत्साही आणि प्रामाणिक. त्याचा हिशोब असा की यंदा लॅबचं नाव ताजं आहे, पुढच्या वर्षी शिळं होईल.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हा. त्यावर नंतर येतो.

बाजार

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून गोव्यात होतो आणि त्याला लागून एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार 2007 पासून भरतो. (2025 पासून त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालं आहे, आम्ही लोक अजून फिल्म बाजारच म्हणतो.) नोव्हेंबरच्या त्या चार-पाच दिवसांत पणजीत दोन वेगळी जगं नांदतात. जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात तिकिटांची रांग, आणि बाजारात गळ्यात पट्टी अडकवलेली माणसं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठकांना धावताना. बाजारातही कप्पे आहेत. नुसती पटकथा आणि थोडीफार जुळवाजुळव असेल तर को-प्रोडक्शन मार्केट. चित्रीकरण होऊन कच्चं संकलन झालं असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब. पूर्ण किंवा पूर्णत्वाला आलेला चित्रपट असेल तर व्ह्यूइंग रूम. तिथे महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारे प्रोग्रामर आणि चित्रपटांचे हक्क विकून देणारे सेल्स एजंट बसून आपल्या सोयीने चित्रपट बघतात. नवख्या माणसाची चूक इथेच होते. तो सगळ्याला मिळून ‘बाजार’ म्हणतो आणि कुठल्या दारातून शिरायचं ते दाराशी पोचल्यावर ठरवतो.

दिग्दर्शिका आणि निर्मात्याची को-प्रोडक्शन मार्केटसाठी निवड झाली. डिचोलीहून पणजी तासाभरावर, पण दिग्दर्शिका म्हणते, तितकं परकं तिला मुंबईतही वाटलं नव्हतं.

अर्जात भाषेचा एक चौकोन होता. निर्मात्याने या अर्जावर ‘मराठी’ लिहिलं, कारण मराठी चित्रपटाला महाराष्ट्र सरकारचं अनुदान मिळू शकतं, असं त्याच्या डोक्यात होतं. (ते दर्जा ठरल्यावर, म्हणजे चित्रपट पुरा झाल्यावर मिळतं. त्या पैशांनी चित्रीकरण होत नाही. हे त्याला मी सांगितलं, पण दोन वर्षं उशिरा.) त्याआधी एका परदेशी निधीच्या अर्जावर त्यानेच ‘कोंकणी’ लिहिलं होतं, कारण कोंकणीत चित्रपट कमी बनतात, तेव्हा लक्ष जाईल. दोन्ही अर्ज वाचलेली एक बाई बैठकीत समोर आली. तिने हसत विचारलं, “मग तुमची माणसं बोलतात तरी कशात?” खरं उत्तर सोपं आणि सुंदर होतं: घरात कोंकणी, देवळात मराठी. चौकोन एकच म्हणून ते कुणी लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून सगळीकडे दोन्ही भाषा लिहायच्या असं ठरलं. गोव्यात कोंकणी की मराठी यावरून काय काय झालं आहे ते आठवणाऱ्यांना हा चौकोन किती जड वाटला असेल, वेगळं सांगायला नको.

दुसरी फजिती बजेटची. बाजाराच्या पुस्तिकेत छापलं होतं 2 कोटी 10 लाख. परदेशी सहनिर्माता यायचा तर आकडा ‘भरीव’ हवा, असा कुणाचा तरी सल्ला होता. त्याच आठवड्यात म्हापशाच्या एका बांधकाम व्यावसायिकाला त्यांनी 90 लाख सांगितले होते. तो गृहस्थ तिसऱ्या दिवशी बाजारात हजर झाला, पुस्तिका घेऊन. “बाय, ह्या पुस्तकांत दोन कोटी बरयल्यात आनी म्हाका तूं णव्वद सांगता?” तो रागावला नव्हता, त्याला मजा वाटली होती. पण त्यानंतर यांनी सांगितलेली प्रत्येक रक्कम तो अर्धी करूनच ऐकायचा.

चार दिवसांत तिसेक बैठका झाल्या. बहुतेकांचा शेवट “संपर्कात राहू” या वाक्याने. हातात खरं काही आलं ते दोन ठिकाणांहून. एक, युरोपातल्या एका छोट्या संस्थेची निर्माती. तिला टिपर पुसण्याचा प्रसंग डोक्यातून जात नव्हता. तिच्या देशाच्या सार्वजनिक निधीतून ती पैसे मागू शकत होती. त्यातले बरेचसे तिथेच खर्चायचे, म्हणजे ध्वनिमिश्रण आणि रंगकाम तिकडे. दोन, हा म्हापशाचा बांधकामवाला. चाळीस लाख देतो म्हणाला, अट एकच: पावसाआधी चित्रीकरण संपलं पाहिजे.

अडचण

जानेवारीत युरोपातून पत्र आलं. निर्मातीला निधीचा अर्ज एप्रिलमध्ये करायचा होता आणि तिच्या वकिलाला हक्कांची साखळी दाखवणारे कागद हवे होते. कथा कुणाची, पटकथा कुणी कुणी लिहिली, प्रत्येकाकडून ती निर्मात्यापर्यंत कशी आली, प्रत्येक पायरीला एक सही. मधली एक कडी सुटली तरी सार्वजनिक पैसा मिळत नाही. विमाही मिळत नाही.

निर्मात्याने नोंदणीचं प्रमाणपत्र आणि ते एक पानी पत्र पाठवलं. चार दिवसांत दोन्ही परत आले.

नोंदणीचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की अमुक तारखेला अमुक माणसाकडे अमुक मजकूर होता. मालकी त्याने ठरत नाही. आणि पत्राचं तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 पुढे काहीच चालेना. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तेवढं पत्रात होतं. पण कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि काय मोबदल्यात, हेही लिहायचं असतं. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणजे “सर्व हक्क” या दोन शब्दांचा कायद्याने अर्थ निघाला: भारतापुरते, पाच वर्षांपुरते. वर आणखी एक. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि पत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते सुटल्यासारखेच. पत्राला दोन वर्षं होऊन गेली होती.

सहलेखक कुणाचा नोकर नव्हता, म्हणजे त्याने लिहिलेल्याचा पहिला मालक तोच. आणि दोघांनी मिळून लिहिलेल्या पटकथेचे हक्क एकटी दिग्दर्शिका कुणाला देऊ शकत नव्हती.

तिने सहलेखकाला फोन केला. तोवर त्याने बाजाराची पुस्तिका इंटरनेटवर पाहिली होती. पटकथा या शब्दापुढे एकच नाव होतं. फोनवर तो भांडला नाही, फक्त म्हणाला, “मला वाटलं होतं तू आधी फोन करशील.” नवं पत्र मागितल्यावर त्याने दोन गोष्टी सांगितल्या: नाव बरोबरीने, आणि दीड लाख रुपये. विचार करायला एक आठवडा देतो म्हणाला.

समोरचे पर्याय

मी या टप्प्यावर आलो. चित्रीकरणाचा अंदाज काढायला बोलावलं होतं, आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की अंदाज कशाचा काढायचा हेच ठरलेलं नाही. निर्मात्याच्या ऑफिसात, वर लग्नाच्या अल्बमची कपाटं, खाली आम्ही तिघं.

एक वाट म्हणजे सहलेखकाचं म्हणणं मान्य करायचं, नीट करार करायचा, एप्रिलचा अर्ज गाठायचा आणि चित्रीकरण पुढच्या जत्रांपर्यंत थांबवायचं. यात बांधकामवाल्याचे चाळीस लाख जाण्याची भीती होती. शिवाय मामांचा गुडघा. मुख्य भूमिका तेच करणार होते, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि त्यानंतर रंगमंचावर तसं थयथयाट करून नाचता येईल की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

दुसरी वाट निर्मात्याची: सहलेखकाचं सगळं काढून टाकायचं आणि पटकथा नव्याने लिहायची. ऐकायला स्वच्छ. पण मुलीच्या नजरेची चौकट त्याची होती आणि ती काढली तर उरतो तो वेगळाच चित्रपट. पंधरा प्रसंग बदलले म्हणून पाया बदलत नाही, आणि “हे मी त्याचं वाचलेलंच नाही” असं ती कुठे म्हणू शकणार होती?

तिसरी: स्थानिक पैसा घ्यायचा, लगेच चित्रीकरण करायचं, युरोपवालीला कच्चं संकलन दाखवायचं, कागदाचं नंतर बघायचं.

चौथीही होती, ती दिग्दर्शिकेनेच हळू आवाजात मांडली: आणखी एका लॅबला अर्ज करायचा. तिला लिहायला आवडत होतं. मला त्यात लपायची जागा दिसली, आणि मी तसं बोललो. आज वाटतं, थोडं मऊ बोलायला हवं होतं.

मी स्वतः कुठली वाट सांगितली? तिसरी. लाइन प्रोड्युसरला चित्रीकरण दिसलं की बाकीचं धूसर दिसतं. मला जत्रांच्या तारखा दिसत होत्या, मामांचा गुडघा दिसत होता. दीड लाख रुपये वाचवण्यासाठी आपण काय पणाला लावतोय याचं गणित त्या खोलीत तिघांपैकी एकानेही मांडलं नाही. मजा म्हणजे जनरेटरचं भाडं, जेवणाची ताटं, टिपरचं डिझेल, सगळं मी पैशापैशाने मांडलं होतं.

काय केलं

सहलेखकाला “थोडं थांब, चित्रीकरणानंतर बसू” असा मेसेज गेला. तो मेसेज आजही त्याच्या फोनमध्ये आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एकोणीस दिवस चित्रीकरण झालं. परवानग्या एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत. देवळाच्या आवारासाठी देवस्थानच्या महाजनांकडे वेगळं जावं लागलं. त्यांनी एकच अट घातली, की पालखीच्या वाटेत ट्रायपॉड नको. खऱ्या जत्रेत, खऱ्या प्रेक्षकांसमोर, दोन कॅमेरे लावून मामांचा संपूर्ण प्रवेश एका दमात टिपला. पहाटे चारला तो संपला तेव्हा गुडघ्याला बर्फ लावून ते खुर्चीत बसले होते आणि विचारत होते, “चक्कीवाला चुकला ता तुमकां दिसलें मू?” कॅमेऱ्यामागच्या कुणालाच साथीदाराची ती चूक कळली नव्हती. या एकोणीस दिवसांबद्दल मला काहीही बदलायचं नाही.

पावसातले प्रसंग राहिले. पैसेही तिथेच संपले.

कच्चं संकलन दोन तास आठ मिनिटांचं. वर्क-इन-प्रोग्रेस लॅबला पाठवलं, निवड झाली नाही. तिथे मोजकेच चित्रपट घेतात, त्यात रडण्यासारखं काही नाही. मग व्ह्यूइंग रूममध्ये टाकलं, आणि तिथे गोष्ट हलली. एका महोत्सवाच्या प्रोग्रामरने सविस्तर लिहिलं: मधली वीस मिनिटं सैल आहेत, पूर्ण झाल्यावर नक्की दाखवा. एका सेल्स एजंटने करार करायची तयारी दाखवली आणि सोबत मागितलेल्या कागदांची यादी पाठवली. यादीतली पहिली ओळ वाचून निर्मात्याने मला फोन केला. हक्कांची साखळी.

सहलेखक आता दीड लाखावर नव्हता. चित्रपट उभा राहिला होता, पैसे खर्च झाले होते, आणि त्याच्या सहीशिवाय तो कुठे जाऊ शकत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही दीड लाखावर राहिलो नसतो. त्याच्या वकिलाची नोटीस आली, यांच्या वकिलाचं उत्तर गेलं. दोघं मित्र आठ महिने एकमेकांशी वकिलांच्या भाषेत बोलले. युरोपवाल्या निर्मातीने या काळात दुसरा प्रकल्प हातात घेतला आणि सभ्यपणे तसं कळवलं. तिला दोष कसा देणार?

शेवटी पणजीत पाटोला एका हॉटेलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं दोघांना. वकील दुसऱ्या टेबलावर. मी त्या दोघांसमोर पहिला ड्राफ्ट आणि चित्रीकरणाचा ड्राफ्ट ठेवला आणि म्हटलं, आधी पैशांचं बोलू नका, हे दोन्ही चाळा आणि कुठलं कुणाचं ते पेन्सिलीने लिहा. दोन तास लागले. तीन ठिकाणी दिग्दर्शिकेने स्वतःहून त्याचं नाव लिहिलं, जिथे तो स्वतःच विसरला होता. बँकेच्या प्रसंगावर मात्र त्याने लिहिलं, “हा आता तिचा.” त्यानंतर रक्कम ठरायला वीस मिनिटं पुरली. पटकथा दोघांच्या नावे, साडेतीन लाख चार हप्त्यांत, निव्वळ नफ्यात पाच टक्के. सगळे हक्क, सर्व जगासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी. हे शब्द या वेळी लिहिले.

निष्पत्ती

पावसातले प्रसंग पुढच्या जुलैमध्ये झाले, बांधकामवाल्याने दिलेल्या आणखी बारा लाखांत. चित्रपट एक तास बेचाळीस मिनिटांवर आला. ज्या महोत्सवाने लिहिलं होतं तिथला प्रोग्रामर तोवर बदलला होता. दोन परदेशी आणि चार देशी महोत्सवांत दाखवला गेला, एका ठिकाणी मामांना अभिनयासाठी विशेष उल्लेख मिळाला. सेल्स एजंट टिकला नाही. चित्रपटगृहांत मोजके खेळ झाले. बांधकामवाल्याचे पैसे परत आलेले नाहीत, पण तो प्रत्येक खेळाला माणसं घेऊन येतो आणि मध्यांतरात बजेटवरून चिडवतो. सहलेखकाचा चौथा हप्ता अजून जायचा आहे.

पहिल्या खेळानंतर मामांनी सगळ्यांदेखत भाचीला विचारलं, “पटकथा दोघांची, बरं. पण देवळातलीं उतरां?” ती गप्प झाली. वकिलांनी हक्क तपासताना मामांकडे त्यांच्या आयुष्याची कथा म्हणूनच पाहिलं होतं. नुसत्या जगलेल्या आयुष्यावर कॉपीराइट नसतो, एक संमतिपत्र पुरे, आणि ते घेतलं होतं. पण ध्वनिमुद्रित करून पटकथेत उतरवलेली भाषणं हे आयुष्य नव्हे. ते त्यांचं काम होतं. दुसऱ्या लेखकाच्या सहीसाठी दीड वर्ष झगडलेल्या या मंडळींना तिसरा लेखक घरातच बसला आहे हे दिसलं नाही, मलाही दिसलं नाही. श्रेयनामावलीत एक ओळ वाढवली: ‘दशावतारी भाषणं’, आणि पुढे मामांचं नाव. नवी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात लावायची डिजिटल प्रत काढावी लागली, त्याचा खर्च निर्मात्याने मुकाट्याने केला.

आज परत करायचं झालं तर

दिग्दर्शिकेचं मत: लॅब आणि बाजार एका वर्षात नको. लॅबमध्ये पटकथा सैल करावी लागते, बाजारात ती घट्ट आहे असं भासवावं लागतं. सकाळी मार्गदर्शकापुढे “मला माहीत नाही” म्हणायचं आणि संध्याकाळी सहनिर्मात्यापुढे तेच ठामपणे सांगायचं, यात ती दोन्हीकडे अर्धी राहिली. निर्मात्याचा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. लॅबचं नाव खरंच शिळं होतं. पण एका वर्षात होत नाही.

निर्माता म्हणतो, आकडा एकच हवा. भारतात 90 लाखांत बनणारा चित्रपट परदेशी सहभाग आला तर दीड कोटींचा होऊ शकतो, त्यात गैर काही नाही, पण मग दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी दाखवायचे, कशामुळे किती वाढलं ते लिहून.

माझं म्हणणं जानेवारीच्या त्या संध्याकाळबद्दल. पहिली वाट मिळत होती आणि तिची किंमत होती दीड लाख व एक फोन. जत्रांची आणि गुडघ्याची घाई खरी होती, म्हणूनच आम्ही फसलो. खोटी असती तर कुणीतरी हटकलं असतं. शिवाय करार आणि चित्रीकरण यांत निवड करायची गरजच नव्हती. सहलेखकाने आठवडा दिला होता. वकिलाकडून करार लिहून घेतला असता तर त्याची फी आमच्या दोन रात्रींच्या जनरेटरएवढी. फेब्रुवारीचं चित्रीकरणही झालं असतं आणि एप्रिलचा अर्जही. बांधकामवाल्याला विचारलं असतं तर तो बहुधा थांबलाही असता, पण त्याला आम्ही विचारलंच नाही. त्याची अट देवाची आज्ञा असल्यासारखी धरली.

दोघं आता नवीन लिहितायत, दिग्दर्शिका आणि सहलेखकच. या वेळी गोष्ट मामांच्या मंडळीतल्या एका जुन्या आख्यानावरून सुचली, म्हणून पहिलं पान लिहायच्या आधी तिघांचा करार डिचोलीला गेला. मामांनी तो तीन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा सही नव्हती. मुदतीच्या रकान्यात ‘पाच वर्षे’ होतं, त्याखाली पेनाने लिहिलं होतं: म्हणजे नेमकी कितवी जत्रा?